रोजचा खर्च कमी करून घरचं कर्ज फेडायचं कसं? कास्तकाराच्या घरातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात बचत गटांचे हिशेब लिहिते. मीटिंग संपली की सह्या करता करता बायका हळूच एक-एक प्रश्न काढतात, कधी त्यांचे घरधनी फोन करून विचारतात, आणि फिरून फिरून प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाचे सगळे इथं लिहून ठेवले.

कर्ज दोन-तीन लाखाचं आहे, चहा-खर्रा बंद करून असा कोणता फरक पडते?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि बहुतेक वेळा पुरुष माणसं विचारतात. तर हिशेबच करू. खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेला, त्याची एक पुडी ३० रुपयांची धरली आणि दिवसाला तीन खाल्ल्या तर ९० रुपये, म्हणजे महिन्याचे २७०० आणि वर्षाचे साडेबत्तीस हजारांच्या आसपास. घरात बाप आणि मुलगा दोघं खाणारे असले तर दुप्पट. आता दुसरीकडं पाहा, गावात महिन्याला शेकडा ३ नी ५०,००० घेतले असतील तर त्याचं महिन्याचं नुसतं व्याज १५०० होते. म्हणजे एका माणसाच्या खर्ऱ्यात ते व्याज निघून वर १२०० रुपये मुद्दलात जाऊ शकतात, आणि मुद्दल कमी झालं की पुढच्या महिन्याचं व्याजही कमी लागते.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. खर्रा सोडला आणि ते ९० रुपये खिशातच राहिले तर ते कुठंतरी जातातच, बस स्टँडवर समोसा, पोराला कुरकुरे, कोणी मागितले तर उसने. वाचलेला पैसा त्याच आठवड्यात कर्जात जमा झाला तरच तो वाचला. आमच्याकडं ज्यांचं कर्ज खरंच उतरलं त्यांनी हेच केलं, मोठं काही नाही, आठवडी बाजाराच्या दिवशी डब्यातले पैसे मोजायचे आणि भरून यायचं.

सुरुवात कुठून करायची? आम्हाला तर नक्की किती देणं आहे हेच माहीत नाही

मग तेच पहिलं काम. पोराची जुनी वही घ्या आणि नवरा-बायको दोघांनी बसून लिहा, एकट्यानं लिहू नका कारण एकाला माहीत असलेली उधारी दुसऱ्याला माहीत नसते. बँकेचं किंवा सोसायटीचं पीक कर्ज, बचत गटाचं, फायनान्सवाल्यांचं, गाडीचा हप्ता, मोबाईलचा हप्ता, सोनं गहाण असेल तर ते, कृषी केंद्राची म्हणजे बियाणं-खताच्या दुकानाची उधारी, किराणा, साळ्याकडून घेतलेले, सालदाराचे (सालावर ठेवलेल्या गड्याचे) राहिलेले, सगळं. प्रत्येकासमोर चार गोष्टी पाहिजे: घेतले किती, आज राहिले किती, व्याज काय आणि थकलं तर काय होते.

व्याज लिहिताना सगळ्यांचं वर्षाचं करून लिहा नाहीतर फसवणूक होते. शेकडा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के, शेकडा ३ म्हणजे ३६, शेकडा ५ म्हणजे ६०. आणि फायनान्सवाला किंवा शोरूमवाला "फक्त १२ टक्के फ्लॅट" म्हणाला तर तो १२ नाही. ५०,००० दोन वर्षांसाठी १२ फ्लॅटनं घेतले तर व्याज १२,००० लागते आणि २५८३ चा हप्ता बसते, पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करून राहिले आणि व्याज मात्र पूर्ण पन्नास हजारावर लागून राहिलं, त्यामुळं खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जाते. कागदावर वार्षिक दर लिहिलेला असतो, तो दाखवा म्हणा.

आम्हाला पगार नाही, पैसा कापूस विकला की येते. महिन्याचं बजेट कसं काय करायचं?

महिन्याचं करूच नका. टीव्हीवर आणि मोबाईलवर जे बजेट सांगतात ते पगारवाल्याचं असते, पगाराचे इतके टक्के इकडं आणि तितके टक्के तिकडं. कास्तकाराच्या घरात पैसा वर्षातून दोन-तीनदा येते: सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, कापूस दिवाळीनंतर ते होळीपर्यंत वेचा-वेचानं, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, ओलित असलं तर चना. आणि जून ते सप्टेंबर घरातून नुसता पैसा जाते, बियाणं, खत, निंदण, फवारणी, शाळेचे कपडे, पोळा.

म्हणून वर्षाचे दोन भाग करा. जून ते ऑक्टोबर हे महिने नवीन उधारी कमीत कमी करायची एवढंच ध्येय, या दिवसांत जास्तीचं कर्ज फेडायच्या मागं लागू नका, ठरलेले हप्ते तेवढे द्या. आणि कापसाचा पैसा आला की खरी लढाई त्या आठवड्यातली असते.

तो दिवस कसा जाते हे मी लय घरांत पाहिलं आहे. गाडी खाली होते, काट्यावर वजन होते, व्यापारी पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब करून देते, त्यात कट्टी-हमाली गेली, वेचाईवाल्या बाया घरी बसलेल्या असतात त्यांचे दिले, मग येता येता तालुक्याला मटण घेतलं, पोरानं शूज मागितले, टीव्ही बंद पडला होता तो घेऊन टाकला, आणि आठव्या दिवशी बँकेत जायला निघाले तर हातात निम्मे. यात कोणी उधळ्या नाही, सहा महिने मन मारलेलं असते ते एकदम बाहेर पडते. म्हणून पट्टी हातात यायच्या आधी, म्हणजे दसऱ्यालाच, कागदावर लिहून ठेवा की पहिल्या गाडीचे कोणाला, दुसऱ्या गाडीचे कोणाला. आणि पोरांच्या कपड्याचे, सणाचे पैसेही त्यातच लिहा, शून्य लिहिलं तर ते पाळलं जात नाही. व्यापाऱ्याला पैसे खात्यात टाका म्हणा, रोख घेऊ नका, रोख आलेला पैसा रस्त्यातच संपते.

पुढच्या खरिपाचं बियाणं-खत हे पण याच पैशातून बाजूला काढायचं आहे. ते नाही काढलं तर जूनमध्ये परत सावकाराच्या दारात.

आधी कोणतं कर्ज फेडायचं?

सगळ्यांचे ठरलेले हप्ते द्यायचे आणि वर जे काही उरते ते पूर्णच्या पूर्ण सगळ्यात महाग व्याजाच्या कर्जात. थोडं याला थोडं त्याला केलं की सगळेच खूश राहतात आणि कोणतंच संपत नाही. बहुतेक घरांत क्रम असा निघते: सावकार, मग मोबाईलवरचं ॲपचं लोन असलं तर ते, मग कृषी केंद्र, मग फायनान्स, मग सोनं, मग बचत गट.

पीक कर्जाचं वेगळं आहे. ते स्वस्त आहे म्हणून शेवटी ढकलू नका. ३ लाखापर्यंतचं पीक कर्ज ७ टक्क्यांचं असते, वेळेवर भरलं तर केंद्राची ३ टक्के सूट मिळते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून बाकीचंही निघते, म्हणजे व्याज पडतच नाही. मुदत चुकली की दोन्ही सवलती गेल्या. म्हणून मुदतीची तारीख बँकेत विचारून कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, त्या तारखेच्या आत हे कर्ज पहिलं.

खर्रा सुटतच नाही, काय करायचं?

मी याला शिव्या देणार नाही. सकाळी वावरात जाताना पानठेल्यावर उभं राहायचं, पन्नीवर खर्रा घोटून घेईपर्यंत दोन गोष्टी कळतात, मजूर तिथंच भेटतात, ट्रॅक्टरवाला तिथंच भेटते, त्यामुळं नुसती सवय नाही तर अख्खा दिवस त्याला बांधलेला असते. पण आमच्या भागात तोंडाचा कॅन्सर किती घरांत आहे ते तुम्हीच मोजा. तोंड उघडत नाही, तिखट सोसत नाही अशी तरुण पोरं आहेत आणि त्या दवाखान्याचा खर्च आला की सगळं कर्ज नव्यानं सुरू.

जमत असेल तर एकदम सोडा. नसेल जमत तर पुडी घरी आणून ठेवणं आधी बंद करा, मग दुपारची बंद. उधार खर्रा घ्यायचा नाही हे मात्र पहिल्या दिवसापासून, पानठेल्याच्या वहीतलं नाव कापून या. सरकारचा फुकट फोन आहे तंबाखू सोडायला मदत करणारा, १८००-११२-३५६. गडचिरोलीतल्यांसाठी मुक्तिपथचे लोक गावोगाव फिरतात, त्यांना विचारा, दारूचंही पाहतात.

दारूबद्दल एवढंच म्हणते की वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यात बंदी आहे म्हणून तिथं घरचा खर्च कमी आहे असं समजू नका, लपून घेतलेली महागच पडते.

किराण्यात काय काय कमी करायचं?

इथं मला जरा जोरानं बोलायचं आहे. कर्ज फेडायचं ठरलं की पहिली कात्री बाईच्या चुलीवर चालते. दूध बंद, डाळ पातळ, पोरांचं अंड बंद आणि बुढ्यांचं औषध पुढच्या महिन्यात. पानठेला आणि बाहेरचं खाणं चालूच. हे उलटं करा. घरातल्या डाळीतून, दुधातून, भाजीतून एक रुपया कमी करायचा नाही, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान लेकरू असेल तर, आणि निंदणाला जाणारी बाई पाण्यासारख्या वरणावर दिवसभर वाकून कशी राहणार?

कमी होऊ शकते असं बरंच आहे. तूर सगळीच्या सगळी जानेवारीत विकून टाकतात आणि जूनपासून तीच डाळ दुकानातून किलो-किलोनं आणतात, असं करू नका. क्विंटलभर तूर घरी ठेवा, मिलमधून सत्तरएक किलो डाळ होऊन येते, वरून चुरी ढोरांना. ज्वारीचंही तसंच. पावसाळ्यात तरोटा, आंबाडी, कटुले बांधावर फुकट आहेत, उन्हाळ्यात वड्या-सांडगे घालून ठेवले तर भाजीचा निम्मा खर्च जाते, आपल्या माय-आज्या हेच करत होत्या.

रेशनचं धान्य पूर्ण उचला. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदयवर घराला ३५ किलो, आणि २०२३ च्या जानेवारीपासून फुकट आहे. गावात गाडी घेऊन येणाऱ्याला तो तांदूळ स्वस्तात विकायचा आणि दुकानातून महागाचा आणायचा, हा नुकसानीचा सौदा आहे आणि बेकायदेशीर पण आहे.

किराणा उधार असेल तर दुकानदार मनाला येईल तो भाव लावते आणि तुम्ही विचारत नाही, विचारायला तोंडच नसते. म्हणून जुनी उधारी एका बाजूला लिहून थोडी-थोडी द्या पण आजचा माल रोखीनं. पाच-पाच रुपयाच्या पुड्या बंद करून तेल, साखर, चहापत्ती एकदम आणा, रोजच्या पुडीत चहापत्ती लय महाग पडते.

मोबाईल, टीव्ही, पेट्रोल यात काही निघते का?

निघते, पण जास्त अपेक्षा नको. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षाला १२ नाही, १३ वेळा मारावा लागते. घरात चार फोन आणि त्यात डबल सिम, तर मग एका सिमला साधा रिचार्ज पुरते का पाहा. पोरगा टीव्ही मोबाईलवरच पाहते तर डिशचे पैसे कशाला? गाडी गावातल्या गावात आणि टपरीपर्यंत न्यायची नाही. तालुक्याची कामं एकाच दिवशी, शक्यतो बाजाराच्या दिवशी, एका गाडीवर दोघं.

मोबाईलवरची खरेदी मात्र बघा. तीनशेची वस्तू म्हणून कोणी मोजत नाही, पण महिन्याचे पार्सल मोजले तर एक हप्ता निघते.

कृषी केंद्राची उधारी काही तुटत नाही, बियाणं-खत तर लागतेच

लागते, बरोबर आहे. पण हा खर्च रोजचा नाही म्हणून कोणी त्याकडं पाहत नाही आणि सगळ्यात जास्त पैसा इथंच गळते. डीएपीची ५० किलोची बॅग १३५० ची. उधारीत तीच १५०० नी लावली आणि तुम्ही पाच महिन्यांनी कापूस विकून पैसे दिले, तर १५० रुपये जास्तीचे म्हणजे शेकडा सव्वादोनच्या हिशेबानं व्याज झालं, नाव फक्त व्याज नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाची आहे, त्याच्यासोबत टॉनिक नाहीतर दुसरी बाटली घ्याच म्हणत असेल तर ते चुकीचं आहे, तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार होते. पक्कं बिल मागा. बिल दिलं की छापील किमतीच्या वर लावता येत नाही.

दुसरं म्हणजे औषध. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारायचं, दुकानदारानं तीन बाटल्या एकत्र दिल्या म्हणून तिन्ही मारायच्या. कृषी सहायकाला फोटो पाठवा किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा, मराठीत बोलतात, आणि एक फवारणी जरी वाचली तरी एकरी हजाराच्या आसपास वाचतात, मजुरी धरून.

तिसरं, ज्या व्यापाऱ्याची उधारी त्यालाच कापूस, मग तो सांगेल तो भाव. यातून सुटायचं असेल तर सोयाबीन, तूर, चना यांच्यासाठी बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे का विचारा. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते, वर्षाला ६ टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. देणंही भागते आणि पडत्या भावात माल विकावा लागत नाही. सगळ्याच बाजार समित्यांत चालू नसते, आधी फोन करून जा.

लग्न, साक्षगंध, तेरवी, हे कसं टाळणार? चार लोकं काय म्हणतील?

टाळू नका, आटोपशीर करा. साक्षगंधालाच, म्हणजे साखरपुड्यालाच, पाचशे लोकं बोलावतात आता, लग्नासारखाच मांडव, डीजे, मग परत हळदीचा मांडव, परत लग्न, परत स्वागत समारंभ. पोरीच्या बापाचे दोन एकर यात जातात. साक्षगंधातच लग्न उरकून घेणारी घरं आमच्या तालुक्यात वाढली, आणि त्यांना कोणी नाव ठेवलं नाही, उलट दोन्हीकडच्या सोयऱ्यांना सुटल्यासारखं झालं.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. कर्ज काढून लग्न करू नका, सण करू नका हे ते कीर्तनातून गावोगाव सांगत गेले. त्यांच्या नावानं आपण कार्यक्रम घेतो. त्यांचं हे ऐकायला सोयऱ्यांची परवानगी लागू नये.

तेरवीचं जेवण घरच्यांपुरतं आणि खांदेकऱ्यांपुरतं करायचं असेल तर ते ठरवणारा माणूस घरातला मोठा पाहिजे, म्हातारे-म्हातारी जिवंत असतानाच त्यांच्याकडून बोलून घ्या. ज्या घरात बुढ्यानं स्वतः सांगून ठेवलं होतं तिथं पोरांना फार सोपं गेलं.

आहेराचं एक सुचवते. आपल्या गटातल्या, भावकीतल्या दहा-बारा घरांनी मिळून ठरवा की साड्या-टोप्या देणं-घेणं बंद. एका घरानं बंद केलं तर वाईटपणा येते, दहानं केलं तर नियम होते.

दवाखान्यानं सगळं बजेट बिघडते

हे खरं आहे, आणि हा खर्च काटकसरीनं निघत नाही. त्यासाठी कागद तयार ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घराला वर्षाला ५ लाखापर्यंतचे ऑपरेशन-उपचार बिनपैशानं होतात, पण योजनेत असलेल्याच दवाखान्यात आणि ठरलेल्या आजारांसाठी. रेशन कार्डात सगळ्यांची नावं आहेत का, आधारवर नाव तेच आहे का, हे माणूस चांगला असतानाच पाहून घ्या. दवाखान्यात गेल्यावर आधी या योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जा, पैसे भरायच्या खिडकीवर नंतर. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, नाहीतर जनऔषधीच्या दुकानात बऱ्याच स्वस्त.

लाडकी बहीणचे पैसे कर्जात भरावे का?

तो पैसा बाईच्या नावचा आहे आणि तिनंच ठरवावं. नवऱ्यानं एटीएम कार्ड घेऊन जायचं नाही. तिनं स्वतः भरायचं ठरवलं तर महिन्याचे १५०० रुपये म्हणजे शेकडा ३ च्या ५०,००० चं नुसतं व्याज, हे वर सांगितलंच. माझा सल्ला असा की ते तिच्या स्वतःच्या नावच्या कर्जात, म्हणजे गटाच्या किंवा फायनान्सच्या हप्त्यात जावे, कारण थकलं तर दार तिचंच वाजते.

पीएम किसानचे ६००० आणि नमो शेतकरीचे ६००० दोन-दोन हजारांनी येतात. ते खतासाठी वेगळ्या खात्यात राहू द्या, तेवढी कृषी केंद्राची उधारी कमी.

एक कर्ज काढून दुसरं फेडलं तर चालते का?

महागडं फेडायला स्वस्त काढलं आणि महागड्याचा कागद त्याच दिवशी फाडला तर चालते. शेकडा ५ च्या सावकाराचे देण्यासाठी गटातून शेकडा १ किंवा २ नी घेतले, किंवा बँकेत सोनं ठेवून घेतले, तर फायदाच आहे. पण फायनान्सचा हप्ता भरायला दुसऱ्या फायनान्सचं घ्यायचं, हे करू नका. एका घरात चार-चार कंपन्यांचे हप्ते, सोमवारी एक, बुधवारी एक, शुक्रवारी दोन, आणि बाई आठवडाभर हप्त्यासाठी घरोघर पैसे मागत फिरून राहिली, असं पाहिलं की जीव तुटते.

ॲपवरून लोन अजिबात नको, पाच मिनिटात मिळते हेच त्यातलं वाईट.

फायनान्सवाले घरी येऊन बसतात, उठतच नाही

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखापर्यंत त्याला दिलेलं बिनतारणी कर्ज हे मायक्रोफायनान्स, आणि अशा घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नको असं पाहूनच कर्ज द्यायचं असते. वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, धमकी, शिवीगाळ, सोयऱ्यांना त्रास देणं चालत नाही. मुदतीआधी पूर्ण भरलं तर दंड लावता येत नाही. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा, महिन्यात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, १४४४८ वर फोन केला तर रस्ता सांगतात.

पण हप्ता थकणार असं दिसलं की लपू नका. आधीच जाऊन सांगा, हप्ता लहान करून मुदत वाढवून मागा, लेखी. लपलेल्या माणसाला सगळे दाबतात.

सावकारानं कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतली आहे

महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. परवाना असेल तरी शेतकऱ्याला तारण घेऊन वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी १२ टक्के, याच्या वर व्याज घेता येत नाही, चक्रवाढ तर नाहीच. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांचं ऑफिस असते, तिथं अर्ज द्या. अवैध सावकारीत शेत लिहून घेतलं असेल आणि त्याला १५ वर्षं झाली नसतील तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ते परत देऊ शकतात. दिलेल्या प्रत्येक पैशाचा पुरावा ठेवा, रोख देण्यापेक्षा खात्यातून द्या, रोख दिले तर सोबत दोन माणसं न्या.

कर्जमाफी होईल म्हणून थांबलो तर?

थांबायचं तर फक्त कशासाठी ते नीट समजून घ्या. २००८ ची माफी, २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची २ लाखापर्यंतची, या सगळ्या बँकेच्या शेतीच्या कर्जाच्या होत्या. सोनं, गाडी, फायनान्स, कृषी केंद्र यातलं काहीच माफ होत नाही. त्यामुळं "माफी येईल" म्हणून रोजचा खर्च सैल सोडून इतर कर्ज वाढवलं तर माफी आली तरी घर बुडालेलंच. २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांनाही ५०,००० पर्यंत प्रोत्साहन मिळालं होतं. आणि थकीत झालं की नवीन पीक कर्ज बंद, मग जूनमध्ये परत शेकडा ५.

घरधनी ऐकतच नाही, मी एकटीनं काय करू?

भांडून कोणी ऐकत नाही हे मी गटातल्या सगळ्या बायांना सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचं लिहिता, तिथंच रोज दोन आकडे लिहा: आज बाहेर किती गेले, आज कर्जात किती गेले. कोणाचं नाव लिहायचं नाही. महिना संपला की बेरीज सासऱ्याकडून नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून करून घ्या, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. पोरीनं बापाला "बाबा, या महिन्यात पानठेल्यावर २४०० गेले" म्हटलेलं मी ऐकलं आहे, तो काहीच बोलला नाही, पण पुढच्या महिन्यात आकडा खाली आला.

बचत करू की आधी कर्ज फेडू?

गटाची बचत चालू ठेवा. घरात दोन-तीन हजार अडीअडचणीला ठेवा. बाकी सगळं कर्जात.

रात्र-रात्र झोप लागत नाही, कोणाशी बोलू वाटत नाही

तर मग आज हिशेब राहू द्या. आधी घरातल्या एका माणसाला सांगा, बायकोला, भावाला, गटातल्या ताईला. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारच्या मदतीचा, नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते. आणि घरच्यांनी पण ध्यान द्या, माणूस गप्प-गप्प राहून राहिला, जेवत नाही, वावरात एकटाच बसून राहते, तर त्याला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं कुलूपात ठेवा. कर्जावर कायद्यानं, बँकेनं, गटानं काही ना काही मार्ग निघतेच, आम्ही काढलेले आहेत.

कर्ज फिटलं, आता काही करायचं राहते का?

राहते, आणि इथंच लोकं ढिले पडतात. बँकेकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं राहिलं नाही असा कागद, घ्या आणि सातबाऱ्यावर बोजा असेल तर बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडं फेरफार टाकायला लावा, महिन्यानं नवीन सातबारा काढून बोजा खरंच कमी झाला का पाहा. गाडीच्या आरसीवरून फायनान्सचं नाव काढून घ्या. सिबिलचा, म्हणजे आपल्या सगळ्या कर्जांच्या नोंदीचा, रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळते, त्यात खातं बंद दाखवते का ते सेतूवाल्याकडून नाहीतर पोराकडून तपासून घ्या. सावकाराकडचा स्टॅम्प आणि कोरे चेक शेवटचा पैसा हातात देतानाच परत घ्यायचे, "उद्या घेऊन जा" म्हणाला तर पैसेही उद्याच द्या.